मुलाचं लायसन्स काढायचंय (नाशिक, पेठ रोड) – थोडी माहिती हवी

गोदाकाठची | १५ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव ९ जूनला अठरा पूर्ण करतायत. बारावी झाली, सीईटी झाली, आणि आता घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय: अ‍ॅक्टिव्हा. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, त्याचा जर्मनचा क्लास कॉलेज रोडला. सध्या सिटीलिंकने जातो, पण येताना बस चुकली की "माझे सगळे मित्र अकरावीपासून गाडीवर फिरतात" हे पुराण ऐकावं लागतं. ह्यांची सातपूरला शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे सोडणं-आणणं माझ्याकडेच.

तर विचारायचं असं की, लर्निंग अठराच्या आधी काढता येतं का? सोळाला मिळतं असं शेजारी म्हणतात. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशी केली तर त्यांनी "सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे द्या" असं सांगितलं. आकडा ऐकून मी घरी आले. खरंच एजंट लागतो का? आणि प्रॅक्टिस कुठे करवून घ्यावी? आमच्या भागात आता मोकळी जागा म्हणून उरलेली नाही.

खरं सांगायचं तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेअरीपर्यंत तो वर्षभर गाडी नेतोय. दूध आणायला. तेवढंच.

---

टिळकवाडीकर | १५ मे, रात्री १०:४८

सोळाचं खरं आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि तेही पालकांच्या संमतीने. तसली गाडी आता शोरूममध्ये दिसत नाही. अ‍ॅक्टिव्हा त्याच्या दुपटीच्या वर जाते, त्यामुळे अठरा पूर्ण होईपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. ९ ला केक कापा, १० ला सकाळी सारथी पोर्टलवर अर्ज भरा. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल असला की लर्निंगची परीक्षा घरबसल्या होते. शुल्क दर वर्गाला १५० आणि परीक्षेचे ५०. एजंट कशाला?

---

रस्सा_वेगळा | १५ मे, रात्री ११:०५

मी एजंटकडूनच काढलं, लपवत नाही. माझा एक दिवसाचा पगार त्याच्या फीपेक्षा जास्त आहे. पोर्टलवर फोटो अपलोड करताना 'साइज जास्त आहे', मग 'साइज कमी आहे'... ज्याला वेळ आहे त्याने करावं.

---

कायद्याचं_बोला | १६ मे, सकाळी ८:१५

ताई, एजंटचं सोडा. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला चहा गोड लागेना.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी अडवायचा पूर्ण प्रयत्न केला होता' हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. इथे जाहीर लिहून बसलात, आता 'माहीत नव्हतं' कसं म्हणणार?

आणि चिरंजीवांना हे वाचून दाखवा: त्या गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि ज्याने चालवली त्याला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत ना लर्निंग ना पक्कं. तीन आठवड्यांच्या घाईसाठी सात वर्षं. पुण्याच्या कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात गाडी होती, दोन जीव गेले, वडिलांना अटक झाली, हे सगळ्यांनी पाहिलंय. ती मोठी गाडी होती म्हणून आपल्या स्कूटरला वेगळा कायदा नाही.

---

जुना_नाशिककर | १६ मे, सकाळी ९:३०

५० सीसी म्हटल्यावर लूनाच आठवली! चढाला पेडल मारायचं. त्यानंतर घरात एम-८० आली. मी नववीत असताना अशोकस्तंभापासून रविवार कारंजा आणि तिथून थेट रामकुंडापर्यंत बिनधास्त जायचो, मागे आजी, तिच्या मांडीवर पूजेचं तबक. लायसन्स कोण विचारत होतं? काही झालं नाही. आताची पोरं आणि त्यांचे पालक दोघंही उगाच घाबरट झालेत असं माझं स्पष्ट मत.

---

सहावी_स्कीम | १६ मे, सकाळी १०:०२

काका, माझा चुलतभाऊ एम-८० वरच गेला. १९९४, दिंडोरी रोड, दहावीची सुट्टी. त्याला इथे येऊन आपलं मत लिहिता येणार नाही.

---

जुना_नाशिककर | १६ मे, सकाळी १०:४०

शब्द मागे घेतो. माफ करा.

---

चार्जिंगवाला | १६ मे, दुपारी १:१०

तीन आठवडेच काढायचे असतील तर कमी वेगाची ई-स्कूटर बघा. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्याने ती मोटार वाहनच नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको.

---

टिळकवाडीकर | १६ मे, दुपारी १:३५

हे कागदावर बरोबर आहे. पण भाचीसाठी बघायला गेलो तेव्हा दुकानदार हळूच म्हणाला, "वायर काढली की पंचेचाळीस पळते." वायर काढली की ती मोटार वाहन झाली, आणि वरचं १९९-अ जसंच्या तसं लागू. शिवाय तीन आठवड्यांसाठी एवढे पैसे? बसचा पास काढा.

---

गोदाकाठची | १७ मे, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. कायद्याचं_बोला, तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. पंचविसाव्या वर्षाचा भाग दोनदा वाचला. तो म्हणाला, "दूध आणताना कोण पकडतंय?" मी किल्ली देवघरातल्या डब्यात ठेवली. आता दूध मीच आणते आणि घरात अबोला आहे. जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटतो, शिवी असेल तर मला कळायला मार्ग नाही.

सहावी_स्कीम, वाचून काय लिहावं सुचलं नाही. ज्या रात्री वाचलं त्याच रात्री डबा शोधला, एवढंच सांगते.

पुढचा प्रश्न. लर्निंग आल्यावर त्याला घेऊन तपोवनात साधुग्रामच्या मोकळ्या जागेवर जाईन म्हणते, सकाळी सहाला. मी मागे बसले तर चालेल ना?

---

कायद्याचं_बोला | १७ मे, रात्री ९:५०

चालेल. नियम असा की शिकाऊ चालकाबरोबर त्या वर्गाचं चालू लायसन्स असलेली व्यक्ती शिकवायला हवी. दुचाकीवर मागे फक्त तीच बसू शकते. मित्राला मागे बसवून "मी लर्निंगवर आहे" म्हणता येत नाही, हे मुलांना कुणी सांगतच नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा, कागदाची प्रिंट सेलोटेपने चिकटवली तर पहिल्या पावसात जाते, स्टिकर घ्या. तुमचं लायसन्स सोबत ठेवा, डिजिलॉकरमधलंही चालतं.

---

गोदाकाठची | १८ मे, रात्री ११:४०

दिवसभर लिहू की नको करत होते. लिहितेच.

माझ्याकडे लायसन्स नाही.

म्हणजे होतं, लर्निंग. ऑक्टोबर २००६ मध्ये काढलं. लग्न होऊन जळगावहून इथे आले, ह्यांनी हौसेने स्कूटी घेऊन दिली. पक्क्या टेस्टची तारीख जानेवारीत होती. तेव्हा पाचवा महिना, उलट्या थांबत नव्हत्या, पेठ रोडपर्यंत रिक्षात बसवेना. म्हटलं नंतर जाऊ. नंतर बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण, मग शाळा. सहा महिन्यांची मुदत कधी संपली ते कळलंही नाही. आणि गाडी तर मी रोज चालवत होते. मुंबई नाका, द्वारका, गर्दीतलं मेन रोड, कुंभात बंद केलेले रस्ते, सगळीकडे.

कधी पकडलं नाही कारण हेल्मेट पहिल्यापासून घालते. २०२१ ला ऑगस्टमध्ये आपल्याकडे 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं तेव्हा पंपावरच्या रांगेत बाकीचे एकमेकांकडून हेल्मेट उसनं घेत होते आणि मी मान ताठ करून पेट्रोल भरत होते. डिकीत लायसन्स नाही हे मलाच माहीत.

आणि मी त्याला कायदा वाचून दाखवत होते. घरात ह्यांना माहीत आहे, त्याला नाही.

---

रस्सा_वेगळा | १८ मे, रात्री ११:५२

ताई!!! 😄 एजंटचा नंबर देऊ का?

---

पंचवटी_एक्सप्रेस | १९ मे, सकाळी ७:०५

हसू नका हो. आमच्या सोसायटीत सकाळी शाळेच्या वेळी ज्या बायका स्कूटर काढतात, त्यातल्या निम्म्यांकडे नसेल. मी स्वतः ४९ व्या वर्षी काढलं. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट झाले, पॅन झाले, पुरुषांची लायसन्सं नूतनीकरण झाली, आपलं 'नंतर' राहतं. गाडी मात्र आपल्याच हातात, कारण सगळ्यांना सोडायचं आपल्यालाच.

---

कायद्याचं_बोला | १९ मे, सकाळी ८:३०

ताई, सांगितलंत हे बरं केलंत. आता ऐकून घ्या.

विनापरवाना चालवण्याचा दंड ५,००० रुपये, पण तो गौण भाग आहे. गाडी तुमच्या नावावर असेल तर विम्याबरोबर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असतं. ते मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. तुम्ही इतकी वर्षं त्याचा हप्ता भरताय, आणि उपयोग शून्य. समोरच्या माणसाला इजा झाली तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. सोनं, एफडी, काय असेल त्यातून.

जुन्या लर्निंगचा आता उपयोग नाही, नवीनच काढायचं. चाळीशीच्या पुढे असाल तर नमुना १-अ लागेल, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र. मुलाला नुसतं स्वयंघोषणापत्र पुरतं. तोपर्यंत किल्लीच्या डब्याची किल्ली आता ह्यांच्याकडे द्या.

---

गोदाकाठची | १९ मे, रात्री १०:१०

४३. दिली.

सकाळी मी बसने भाजीला गेले. त्याने विचारलं गाडी का नेली नाहीस. सांगून टाकलं. मला वाटलं आता हा घर डोक्यावर घेणार. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे राहिलं?" असं मी कधी म्हटलेलं नव्हतं. तारखा त्याने स्वतःच जुळवल्या.

अबोला संपला. दूध आता चालत आणतो.

---

जुना_नाशिककर | २० मे, सकाळी ९:००

दोघांनी एकत्रच फॉर्म भरा. आणि गिअरचं काढा, बिनगिअरचं नको. गिअरवाल्या लायसन्सवर दोन्ही चालवता येतात, उलटं नाही. चारचाकीचं लर्निंगही त्याच अर्जात टाकता येतं.

---

नांदूरनाका | २८ मे, दुपारी ४:००

जरा वेगळं विचारतो. आता आरटीओत टेस्टच लागत नाही, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट चालतं असा मेसेज फिरतोय. खरं का?

---

टिळकवाडीकर | २८ मे, दुपारी ४:४५

अर्धं. सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रातून कोर्स पूर्ण केला तरच ती सूट आहे, नियम १ जुलै २०२१ पासूनचा. त्या केंद्राला किमान एक एकर जागा, सिम्युलेटर, ट्रॅक वगैरे लागतं, आणि हलक्या चारचाकीचा कोर्स २९ तासांचा. कोपऱ्यावर एक गाळा आणि एक जुनी मारुती असलेल्या स्कूलला ते लागू नाही. तो मेसेज फिरवणारे बहुतेक त्याच गाळ्यातले असतात.

---

गोदाकाठची | १४ जून, रात्री ८:३०

हजर आहे, अपडेट देते.

आधी माझं आधार अडलं. त्याला जोडलेला नंबर ह्यांच्या जुन्या कंपनीचा, तो कधीच बंद झालाय. ओटीपी कुठे जात होता देव जाणे. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला. ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी हे आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

१० तारखेला रात्री दोघं लॅपटॉपसमोर. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पूर्ण बघावी लागते, पुढे ढकलता येत नाही. त्याने पुढे ढकलायचा प्रयत्न केला. मग पंधरा प्रश्न, पास व्हायला नऊ बरोबर हवेत. त्याला चौदा मिळाले.

मला सात.

हो. अठरा वर्षं चालवतेय आणि सात. निळ्या गोलावर एक लाल तिरपी रेघ आणि दोन तिरप्या रेघा यात फरक आहे हे मला माहीतच नव्हतं. एक म्हणजे गाडी उभी करून जायचं नाही, दोन म्हणजे थांबायचंसुद्धा नाही. मी वर्षानुवर्षं दोन रेघांच्या पाटीखाली थांबून भाजी घेतलीय. हा शेजारी बसून उत्तर खुणेने सांगायला बघत होता. त्याला खोलीबाहेर काढलं. कॅमेरा चालू असतो हे एक कारण, दुसरं कारण असं की ह्याने उत्तरं सांगून मी पास झाले असते तर पुढे त्याला काय तोंडाने काही सांगणार? पुन्हा ५० रुपये भरून आज दिली. बारा.

एक गोष्ट मात्र सांगायचीय. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदान करायची तयारी आहे का. त्याचा फॉर्म मी भरत होते, तो मागे उभा राहून सांगत होता. नाव, पत्ता, रक्तगट... आणि त्या प्रश्नावर तो लगेच "हो कर" म्हणाला, जसं रक्तगट सांगितला तसंच. माझा हात माउसवर तसाच राहिला. "आई, कर ना, सेशन संपेल." केलं. माझ्या फॉर्ममध्येही केलं. त्याचं करताना जेवढा वेळ लागला तेवढा माझं करताना लागला नाही.

---

पंचवटी_एक्सप्रेस | १४ जून, रात्री ९:१०

ह्या प्रश्नाशी मीही अडले होते. मुलीच्या फॉर्मवर.

---

सहावी_स्कीम | १४ जून, रात्री ९:४४

चांगलं केलंत, ताई.

---

रस्सा_वेगळा | १४ जून, रात्री १०:०१

सात? मी आत्ता सराव परीक्षा देऊन पाहिली. आठ. एजंटने माझं काय काय भरलंय कोण जाणे. जाऊ दे, विषय बदला.

---

जुना_नाशिककर | १५ जून, सकाळी ८:२०

आता पक्क्याच्या टेस्टचं. लर्निंगनंतर ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग सहा महिने चालतं, म्हणजे घाई नको. टेस्टला आठ काढायला लावतात. पाय टेकवायचा नाही. एकदम हळू चालवता येणं हीच खरी परीक्षा, वेगात तर कुणीही सरळ जातं.

---

चार्जिंगवाला | १५ जून, सकाळी ८:५५

इंग्रजी आठ बरं का. आमच्या पुतण्याने मराठी ८ काढला. म्हणजे एक वळण घेतलं आणि बाहेर निघून गेला 😂

---

गोदाकाठची | ६ जुलै, दुपारी १२:३०

गेले तीन रविवार तपोवनात जातोय. दोघंही शिकाऊ, त्यामुळे शिकवायला घरात एकच अधिकृत माणूस, ते म्हणजे हे. ह्यांचा थाट बघायला हवा. दोन विटा, मध्ये पाण्याच्या बाटल्या, आणि हे हातात छत्री धरून उभे.

त्याचं सगळं छान, पण वळताना वेग कमी करत नाही. मी सांगितलं तर "तू किती बरोबर सांगितलेस? सात," असं उत्तर मिळतं. माझी गंमत वेगळीच. वेग कमी झाला की माझे दोन्ही पाय आपोआप खाली येतात, बदकासारखे. मेन रोडच्या गर्दीत अठरा वर्षं तशीच चालवलीय. आणि इंडिकेटर. मी इंडिकेटर देते, पण वळून झाल्यावर. मागून येणाऱ्याला बातमी कळावी म्हणून बहुतेक. असं ह्यांचं म्हणणं.

पाऊस असा लागलाय की मैदानात चिखल आहे. गिअरचं नाही काढलं, सॉरी काका. घरी स्प्लेंडर आहे, पण ती बघून चिरंजीवांनी नाक मुरडलं.

---

पंचवटी_एक्सप्रेस | ६ जुलै, दुपारी १:१५

बदक पाय जायला एकच उपाय, नजर. पुढच्या चाकाकडे बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा. मागचा ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा आणि अ‍ॅक्सिलेटर तसाच थोडा. गाडी तोलावर राहते. चिखलात नको, सिमेंटवर करा. आणि टेस्टच्या आदल्या दिवशी आरसी, विमा, पीयूसीची तारीख बघून ठेवा. माझं पीयूसी संपलेलं होतं, पंपावर पळत गेले होते.

---

गोदाकाठची | २२ जुलै, रात्री ९:०५

आज टेस्ट होती. दोघांची एकाच दिवशी. ह्यांनी रजा घेतली, मला मागे बसवून गाडी नेली, चिरंजीव बसने. (एमएच-१५ मध्ये कुटुंबाने एकत्र आरटीओला जाण्याची ही पद्धत.) पीयूसी पाहिलं, ठीक होतं. पाऊस पहाटेपासून. जाताना पुलावर थोडं थांबलो, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं होतं.

रांगेत सगळी अठरा-एकोणीसची मुलं आणि मी. एका मुलाने मला विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कुठेय?" मी म्हटलं माझ्या मागे उभा आहे, मी आधी.

पंचवटी_एक्सप्रेस, तुम्ही सांगितलेलं डोक्यात धरून बसले. जिथे जायचं तिथे बघायचं. पाय वर ठेवले. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, इंडिकेटर दिला, वळायच्या आधी. पास.

मग तो. पहिला अर्धा आठ माझ्यापेक्षा सुरेख काढला. मला कळलंच, आता हा खूश झालाय, आता वेग वाढवणार. वाढवला. दुसऱ्या वळणाला मागचं चाक ओल्या जमिनीवर किंचित सरकलं आणि डावा पाय खाली. पडला नाही, काही लागलं नाही. साहेबांनी शांतपणे सांगितलं, सात दिवसांनी या.

बसने परत जायला निघाला तेव्हा मीही त्याच्याबरोबर बसमध्ये बसले, गाडी ह्यांनी आणली. पेठ नाका गेला, निमाणी आलं, काही बोलला नाही. सीबीएसला गर्दी चढली तेव्हा म्हणाला, "तिकडे चाक सरकलं तेव्हा तू ओरडलीस." मी ओरडले होते? मला आठवत नाही. तो म्हणे सगळ्यांनी वळून पाहिलं.

---

जुना_नाशिककर | २२ जुलै, रात्री ९:३०

अभिनंदन ताई! आणि त्याला सांगा, ट्रॅकवर चाक सरकलं हे नशीब. पहिल्या पावसात रस्त्यावर डिझेल सांडलेलं असतं, खोदकामाची माती वर आलेली असते, तिथे साहेब नसतात.

---

कायद्याचं_बोला | २२ जुलै, रात्री १०:१५

अभिनंदन. तीनदा नापास झाला तर मग ६० दिवस थांबावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा. एकदा झाला, काही बिघडत नाही. आणि एक विसरताय. तुमचं लायसन्स हातात आलं की आता तुम्हीच त्याच्या मागे बसू शकता.

---

गोदाकाठची | २७ जुलै, सकाळी ८:१०

बसले. आज, पहिल्यांदा. कार्ड पोस्टाने यायचंय, पण डिजिलॉकरमध्ये दिसतंय. फोटोत मी घाबरलेली आहे.

ह्यांना झोपू दिलं आणि दोघंच गेलो. जाताना माझ्या हातात गाडी, मैदानावर त्याच्या. अठरा वर्षांत मी कधी मागे बसले नव्हते, नवऱ्यामागे बसते ते सोडून. मागून रस्ता किती कमी दिसतो! समोर फक्त त्याचं हेल्मेट. मी काय काय धरलं होतं ते त्याच्या खांद्यावर उमटलंय म्हणे. "आई, खांदा सोड, वळता येत नाहीये."

सोडला. सीटमागची दांडी धरली. आठ काढले त्याने, नऊ वेळा. शेवटचे चार मी डोळे उघडे ठेवून पाहिले.

---

नांदूरनाका | २७ जुलै, सकाळी ९:००

तपोवनात मीही मुलीला घेऊन येतो पुढच्या रविवारी. विटा तिथेच ठेवा.

---

गोदाकाठची | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

३१ ला दुसऱ्यांदा दिली. पास. काल त्याचंही लायसन्स आलं. चाळिसाव्या वर्षापर्यंत चालेल असं त्यावर लिहिलंय, ते वाचून तो हसला. मी तेव्हा पासष्टची असेन, मला नाही हसू आलं.

डब्यातून किल्ली काढून दिली. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावून. दूध आणायला गेलाय. डेअरी दोन मिनिटांवर आहे. वीस मिनिटं झाली.

---

पंचवटी_एक्सप्रेस | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२४

रांग असेल हो. फोन करू नका, गाडीवर असेल तर उचलायला बघेल.

---

रस्सा_वेगळा | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२६

आज राखी आहे, डेअरीत खव्याला गर्दी. आमच्याकडेही तोच प्रकार.

---

गोदाकाठची | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४१

आला. पेट्रोल भरून आला म्हणे. दूध विसरलाय.